कुणाला काय दिलं

माझ्याकडे एक वही आहे. लाल कापडी पाठीची, उभी, पेढीवर खतावणीला वापरतात तसली. तिच्यात सुताचा हिशेब नाही, पुस्तकांचा आहे. कुणाला पुस्तक दिलं की त्याच्या नावे टाकायचं, परत आलं की जमा करायचं. तेवीस वर्षं हा उद्योग चालू आहे. सोलापुरात एका सुताच्या पेढीवर मी दिवाणजी आहे. दिवसभर दुसऱ्यांची खाती लिहितो आणि रात्री जेवण झालं की हे खातं उघडतो. बायको म्हणते, माणसं घरी येऊन हात धुतात, तुम्ही घरी येऊन पुन्हा वही धरता.

वहीत कादंबऱ्या जवळजवळ नाहीत. कादंबरी मी वाचतो, पण कुणाला द्यायला जात नाही. वाचणारा आणि कादंबरी यांच्यात काय जमतं हा त्या दोघांचा मामला, त्यात तिसऱ्यानं पडू नये. मी देतो ती दुसरी पुस्तकं, आणि त्यांना मराठीत धड नाव नाही. 'ललितेतर' म्हणतात, म्हणजे जे ललित नाही ते. पाहुण्याची ओळख 'हे आमचे जावई नव्हेत' अशी करून द्यावी, तसं. 'माहितीपर' म्हटलं की शाळा तपासणीचा वास येतो. 'वैचारिक' म्हटलं की समोरचा घड्याळ बघतो. प्रत्यक्षात त्या कपाटात गांडुळं असतात, देवळं असतात, दुष्काळ असतो, कुणाची तरी आई असते.

माझी सुरुवात एका रशियन पुस्तकानं झाली. १९८३-८४ ची गोष्ट. वडील मिलमध्ये साचा खात्यात होते. युनियनच्या सभेबाहेर कधीकधी रशियन पुस्तकांचं टेबल लागायचं. पक्की बांधणी, जाड कागद, आणि किंमत भज्यांच्या प्लेटीएवढी. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. चित्रं बरी दिसली म्हणून त्यांनी एक उचललं आणि 'अभ्यासाला होईल' म्हणून माझ्यापुढे टाकलं. याकोव्ह पेरेलमन नावाच्या माणसाचं 'फिजिक्स फॉर एन्टरटेन्मेंट'. मी आठवीत. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचो, एका संध्याकाळी दीड पान. त्यात लिहिलं होतं की कागदाच्या भांड्यात पाणी उकळता येतं, कागद जळत नाही. पाणी उष्णता ओढून घेतं आणि उकळायच्या पुढे तापत नाही, त्यामुळे कागदाला पेट घेण्याइतकं तापताच येत नाही. मी गणिताच्या वहीचं पान फाडलं, खोका केला आणि स्टोव्हवर धरला. पाणी उकळलं. आईनं मारलं ते वही फाडल्याबद्दल, स्टोव्हबद्दल नंतर वेगळं मारलं. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे का, हे आपल्या स्वयंपाकघरात बघता येतं. लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४२ साली, हा पेरेलमन उपासमारीनं गेला हे मला चाळिशीत कळलं. त्यानंतर ते पुस्तक पुन्हा हसत वाचता आलं नाही.

पुस्तकं कुठं सापडतात, असं लोक विचारतात. माझी ठिकाणं तीनच. पहिलं, वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. हिराचंद नेमचंद वाचनालय असो की गल्लीतलं 'ड' वर्गाचं, कपाटाकडे जाण्याआधी तो ढीग बघावा. कपाटात काय आहे हे समितीनं ठरवलेलं असतं, ढिगात काय आहे हे गावानं. दुसरं, प्रत्येक चांगल्या पुस्तकाची शेवटची पानं. लेखकानं कुणाकुणाकडून उसनं घेतलं ते तिथं कबूल केलेलं असतं. उधारीची यादी वाचायची मला सवयच आहे. तिसरं, रद्दीचं दुकान. दामोदर धर्मानंद कोसंबींचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' मला तिथं मिळालं, जुन्या दिवाळी अंकांबरोबर, किलोच्या भावानं. ज्या माणसानं प्राचीन नाणी एकेक करून तोलली, ती हातोहात फिरून किती झिजली यावरून इतिहास काढला, त्याचं पुस्तक तराजूत घालून मला दिलं गेलं. रद्दीवाल्याला मी हे सांगितलं. त्यानं वजन पुन्हा केलं.

आणखी एक खोड लागली, आकड्यांची. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली पुस्तकांना दशांश आकडे लावायची पद्धत काढली. आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांत पुस्तकाच्या पाठीवर अजून तेच आकडे असतात. ५९८ म्हणजे पक्षी. ६१६ म्हणजे रोग. ६३३ शेतातली पिकं. ६५७ जमाखर्च. ६७७ कापड. पुढं पुढं मला माणसंही त्याच आकड्यांनी दिसायला लागली. अशोक चौकात रिक्षाची वाट बघत उभं राहावं, तर समोरून सगळं ६७७ चाललेलं असतं.

पण सापडणं सोपं. देणं अवघड. वहीची पहिली चार पानं म्हणजे निव्वळ बुडीत खाती आहेत. तेव्हा मी मला आवडलेलं पुस्तक देत होतो. ताऱ्यांवरचं पुस्तक एका कमिशन एजंटला दिलं, ते त्यानं सात महिने गल्ल्याजवळ ठेवलं आणि वर उदबत्तीचं घर. गांडुळांवर डार्विननं शेवटच्या काळात लिहिलेलं पुस्तक, १८८१ चं, मी एका बँकेतल्या मित्राला दिलं होतं. डार्विन त्या गांडुळांना ऐकू येतं का बघायला घरात धातूची शिट्टी, बसून नावाचं फुंकवाद्य आणि पियानो वाजवून घेत होता, हे मी रंगवून सांगितलं. मित्र म्हणाला, "गांडुळांना आलं का ऐकू?" नाही म्हटलं. "मग?" या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शियाली रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. दुहेरी नोंदीची सवय असलेल्या माणसाला हे ताबडतोब पटतं. फक्त एक नावे आणि एक जमा जुळवायची कशी, ते मला रंगनाथनांकडून नाही, अण्णांकडून कळलं.

अण्णा पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले. घरात तेलुगू, शाळा तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी. चादरीच्या नक्षीचे पत्ते पाडायचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्ड यंत्राला लागणारी कार्डं. डिझाईन मास्तर चौकटीच्या कागदावर मोर काढून देणार, अण्णा त्या चौकटी बघून पुठ्ठ्यावर भोकं पाडणार, मग ते पत्ते दोऱ्यानं एकमेकांना बांधून माळ करणार. ती माळ मागावर चढली की मोर उतरतो. पेढीवर सुताचा नमुना न्यायला आले की माझ्या टेबलावरचं पुस्तक उलटंपालटं करून बघायचे. "काय वाचलालाव दिवाणजी?" हे त्यांचं नेहमीचं.

त्या दिवशी टेबलावर जेम्स एसिंजर यांचं 'जॅकार्ड्स वेब' होतं, २००४ साली निघालेलं. वाचनालयात ६७७ च्या शेजारी असायला हवं, पण संगणकाच्या कपाटात ठेवलेलं. त्यात एक विणलेलं चित्र आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातला विणकर जाकार, ज्याच्या नावावरून जकार्ड आलं, त्याचं, रेशमात विणलेलं, १८३९ सालचं. पाहणाऱ्याला छापील चित्र वाटावं इतकं बारीक. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं ते मिळवून घरात लावलं होतं आणि पाहुण्यांना फसवायचा त्याला छंद होता. मी अण्णांना तो फोटो दाखवला आणि सांगितलं, याला चोवीस हजार पत्ते लागले.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चोवीस हजार? दिवाणजी, मग आपला मोर त्याच्या एका बाहीत मावला असता की."

मग ते बसले. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. दर रविवारी सकाळी, दाजी पेठेतल्या एका हॉटेलात, सहा आठवडे. बॅबेजला पत्त्यांवरून कल्पना सुचली की भोकांची भाषा जर धाग्यांना कळते तर चाकांनाही कळेल. पत्ते बदलले की तेच यंत्र वेगळं गणित करेल. त्याच्या त्या न झालेल्या यंत्रावर एडा लव्हलेस हिनं १८४३ साली टिपणं लिहिली. तिनं साम्य नेमकं पकडलं होतं. मागावर जशी फुलं आणि पानं विणली जातात, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, अशा अर्थाचं तिनं लिहून ठेवलं आहे.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि हरकती काढल्या. पहिली, पुस्तकात सुई आणि आकडा नीट समजावलेला नाही. त्यांनी काडेपेटीच्या काड्या मांडून दाखवलं. भोक असलं तर सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि पातं वर जाताना त्याला, म्हणजे पर्यायानं धाग्याला, उचलून नेतं. भोक नसलं तर सुई मागं ढकलली जाते, आकडा पात्यावरून सरकतो, धागा खाली राहतो. "भोक म्हणजे काम नाही, भोक म्हणजे परवानगी." दुसरी हरकत, पावसाळ्यात पत्ते ओल धरतात, फुगतात, सुई अडकते. चोवीस हजार पत्त्यांचं त्या लोकांनी ओलीचं काय केलं? पुस्तकात नव्हतं. तिसरी सगळ्यात भारी.

"त्या साहेबाचं मशीन पुरं झालं का?"

नाही झालं, मी म्हणालो. पैसे मिळाले नाहीत, सरकारनं मदत केली नाही.

"पैशाचं नंतर. आधी फिटरशी भांडला असणार."

मी हसलो. पुढच्या रविवारचं प्रकरण वाचलं तेव्हा हसू गेलं. बॅबेजच्या आधीच्या यंत्राचे भाग जोसेफ क्लेमंट नावाचा कारागीर बनवत होता. पैशावरून, जागा बदलण्यावरून दोघांचं फाटलं, १८३३ साली क्लेमंटनं काम थांबवलं आणि ते यंत्र तिथंच अडलं. अण्णांना सांगितलं तर त्यांना विशेष काही वाटलं नाही. "नक्षी काढणारा आणि पत्ते पाडणारा एकमेकांशी बोलायचे थांबले की मोराला तीन डोळे येतात," म्हणाले. चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनी दिले.

तेव्हा मला नियम सापडला असं वाटलं. विषय ठाऊक नसलेल्याला पुस्तक देण्यात फारशी गंमत नाही. त्यातला एखादा कोपरा लेखकापेक्षा ज्याला जास्त ठाऊक आहे, त्याला द्यावं. तो पुस्तकाशी भांडतो, आणि भांडता भांडता उरलेलं पुस्तक त्याचं होऊन जातं. डार्विनची गांडुळं मी बँकवाल्याला द्यायला नको होती. ती मोहोळच्या एखाद्या बागायतदाराला द्यायला हवी होती.

यानंतर मी सुटलोच. आमच्या शेजारच्या काकू घरी शेंगाची चटणी करून विकतात, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. त्यांना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर टस्कीगीला शिकवायला गेला, कापसानं चोपलेल्या जमिनीत त्यानं भुईमूग लावायला सांगितला. १९१६ साली त्यानं एक पत्रक काढलं, शेंगदाणा माणसाच्या खाण्यासाठी तयार करण्याच्या १०५ पद्धती. काकू म्हणाल्या, "एकशे पाच? त्यात आपली चटणी हाय का?" सगळी यादी मी वाचली नव्हती, कबूल केलं. "मग वाचून सांगा." भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात हे मी समजावायला गेलो, तर त्या म्हणाल्या की भुईमूग काढलेल्या रानात ज्वारी जोरात येते हे त्यांच्या सासूबाई सांगायच्या, गाठी तेवढ्या ठाऊक नव्हत्या. काकूंची आता कार्व्हरवर मालकी आहे. गिऱ्हाइकांना त्याच्या गोष्टी सांगतात, आणि काही गोष्टी माझ्या माहितीनुसार कार्व्हरनं केलेल्या नाहीत.

बाइंडरचा किस्सा लहान आहे. मायकेल फॅरेडे चौदाव्या वर्षी बाइंडरकडे उमेदवार म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत वाचत शास्त्रज्ञ झाला. म्हणून त्याचं चरित्र आमच्या खातेवह्या बांधणाऱ्याला दिलं. त्यानं ते उघडलं, पाठ दाबून पाहिली आणि म्हणाला, "शिलाई नाही, नुसता डिंक. दोन वर्षं टिकेल." टिकलं दीड वर्ष.

सोलापुरात पुस्तकांवर बोलायचं आणि मारुती चितमपल्लींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. १९३२ साली इथंच जन्मले, २००६ चं साहित्य संमेलन इथं झालं त्याचे अध्यक्ष तेच, आणि २०२५ साली गेले तेही याच गावात. पेढीवर नान्नजकडचा एक पोरगा हमाली करायचा. त्याला चितमपल्लींचं एक पुस्तक दिलं, कारण त्याच्या गावाभोवती १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. पोरानं ते आजोबांना वाचून दाखवलं. आजोबांनी आयुष्यभर त्या माळावर मेंढरं राखलेली. त्यांचा निरोप आला, या पाखराला आम्ही हूम म्हणायचो, त्याच्या आवाजावरून. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतं, मेंढरू अंड्याच्या अंगावर जाऊ लागलं तर मादी अंगावर येते. अजून काय विचारायचं असलं तर या म्हणावं. मी जातो जातो म्हणत राहिलो. गेलो नाही. हे माझ्याच नावे आहे.

मामांचं खातं वहीत दोन पानं खाऊन बसलंय. मामा अक्कलकोट तालुक्यातले, निवृत्त तलाठी. त्यांना त्रिंबक नारायण अत्र्यांचं 'गावगाडा' दिलं. १९१५ सालचं पुस्तक, खेडं आतून कसं चालायचं याचा असा ताळेबंद मराठीत दुसरा मला माहीत नाही. पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार, कुणाला सुगीत किती पेंढ्या, थोरली कास, मधली कास, धाकटी कास अशा बलुतेदारांच्या पायऱ्या, सगळं. अत्रे सरकारी नोकरीत हिंडलेले. मामांनी पहिल्या पानापासून पेन्सिल चालवली. "आमच्याकडे असे नाही." "हे देशावरचे, आमच्या भागात लिंगायत जंगम कुठे धरला?" एका ठिकाणी नुसतं "तलाठ्यास विचारले असते तर!" पुस्तक माझं होतं. मी चिडलो. पुस्तकात लिहायचं नाही हा माझ्या घरातला कडक नियम आहे, मुलांनाही कधी लिहू दिलं नाही. मामा म्हणाले, "अरे सातबारावर फेरफार नोंदवायचा नाही तर कुठे नोंदवायचा?"

पण त्या पुस्तकात आणखी काही आहे. गावोगाव फिरणाऱ्या जमातींबद्दल अत्रे लिहितात तेव्हा त्यांची लेखणी गावकुसाच्या आत उभी राहून लिहिते. ही माणसं म्हणजे कुणब्याच्या पिकावरची टोळधाड, असा एकूण सूर. मामांच्या पेन्सिलीनं तिथं कुठेच हरकत घेतलेली नव्हती. म्हणून मी त्यांना लक्ष्मण मानेंचं 'उपरा' दिलं, १९८० चं. कैकाडी घरातला पोरगा, गाढवांवर संसार, टोपल्या विणायच्या, या गावच्या शिवेवरून त्या गावच्या शिवेवर. मामांनी ते दोन दिवसांत परत केलं. एकाही पानावर पेन्सिल नाही. मला वाटलं वाचलं नाही. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "आमच्या शिवेवर यायची ही माणसं. मी सव्वीस वर्षं दप्तर सांभाळलं. एकाचंही नाव माझ्या दप्तरात नव्हतं." मग म्हणाले, पाऊस यायच्या आत निघतो. मे महिना होता.

तेव्हापासून काही पुस्तकं मी एकटी देत नाही, जोडीनं देतो. आधी गावकुसाच्या आतलं, मग बाहेरचं. वहीत अशा जोडीला कंस केलेला असतो.

आता वहिनींचं खातं. लिहू की नको असं तीनदा झालं.

दादा, माझा चुलतभाऊ, आजारी पडला २०१३ मध्ये. कर्करोग. बार्शीला फेऱ्या सुरू झाल्या. वहिनी बारावी झालेल्या, पण दोन महिन्यांत त्यांची फाइल डॉक्टरांच्या फाइलीपेक्षा नीट होती. तारखा, डोस, रक्ताचे आकडे, कुठल्या दिवशी काय खाल्लं. बसमध्ये ती फाइल मांडीवर असायची, पिशवी खाली. मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात तो नियम होता. हा कोपरा यांना आता लेखकापेक्षा जास्त ठाऊक आहे. ६१६. सिद्धार्थ मुखर्जी यांचं कर्करोगाच्या इतिहासावरचं पुस्तक मी तेव्हा नुकतंच संपवलं होतं आणि भारावलो होतो. त्यात भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव आहे, बोस्टनला जाऊन रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामं करत शिकलेला. त्याच्या प्रयोगशाळेतून आलेली औषधं घेऊन सिडनी फार्बरनं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर पहिले उपचार केले, १९४७-४८ च्या सुमारास. मला वाटलं, या माणसांची जिद्द वाचून वहिनींना बळ येईल. मी ते पुस्तक नेऊन दिलं.

आठ दिवसांनी त्यांनी ते परत दिलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, मिठाईचा पुडा बांधावा तसं. "भावोजी, चहा घेऊन जा," म्हणाल्या. पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही.

घरी येऊन सुतळी सोडली. आत माझी खूण तशीच होती. अण्णांनी दिलेली जुन्या पत्त्याची पट्टी मी खूण म्हणून वापरतो, भोकं असलेली. ती ज्या पानात राहिली होती तिथं इजिप्तच्या एका अतिप्राचीन वैद्यकीय ग्रंथाबद्दल आहे. एकेक रोगी, एकेक दुखणं, आणि प्रत्येकाखाली उपचार. पंचेचाळिसाव्या रोग्याला छातीत कठीण गाठ आहे. त्याच्या उपचारापुढं, उपचार नाही, असं लिहिलेलं आहे.

त्यांनी पुस्तक उघडलं असेल तर तेच पान उघडलं असणार. उघडलं की नाही, मी विचारलेलं नाही. दादा मार्गशीर्षात गेला. वहीत नोंद आहे, अमुक तारखेला नावे, अमुक तारखेला जमा. कागदावर खातं जुळतं.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. अण्णांचा कोपरा चाळीस वर्षांच्या कामाचा होता, हात शेकून कधीच गार झालेला. वहिनींचा अजून पेटलेला. ज्याचं घर जळतंय त्याला आगीचा इतिहास देणारा मी. पण हेही पूर्ण बरोबर नाही. एक माणूस मला माहीत आहे ज्याला बायकोच्या आजारपणात त्याच विषयावरच्या पुस्तकानं तारलं, त्यानं स्वतः सांगितलं. कुणाला कधी, हे आकड्यात बसत नाही. तेव्हापासून आजारी घरात मी पुस्तक नेत नाही, फळं नेतो. कुणी मागितलं तर देतो.

वहिनींची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आता पुण्यात सीए करते, आर्टिकलशिप चालू आहे. गेल्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आली होती. नंदीध्वजांची मिरवणूक बघून मी त्यांच्याकडे तिळगूळ द्यायला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, कडक भाकरीची चवड उतरवून ठेवत. मुलीनं पिशवीतून एक पुस्तक काढलं. इंग्रजी, दुहेरी नोंदपद्धतीच्या इतिहासावरचं.

"काका, ऑफिसात हे सगळ्यांनी घेतलंय, वाचलं कुणीच नाही. तुम्ही वाचा आणि बरोबर लिहिलंय का सांगा."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी, चहा घेऊनच जा."

रात्री वाचायला बसलो. बाहेर होम मैदानाकडून भोंग्यांचा आवाज येत होता. लुका पाचोली नावाचा एक संन्यासी, गणिताचा मास्तर. लिओनार्दो दा विंचीला त्यानं गणित शिकवलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्यानं गणितावर एक जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात व्यापाऱ्यांचा जमाखर्च कसा ठेवावा याचं एक प्रकरण घातलं. पद्धत त्यानं शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी वापरत होते ती नीट लिहून काढली. तीन वह्या सांगतो. पहिलीत दिवसभराचं सगळं येईल तसं टिपायचं, मालक नसेल तर घरातल्या कुणीही. दुसरीत ते ओळीनं मांडायचं. तिसरीत खात्याखात्यात टाकायचं. मी उठून बसलो. कच्ची वही, रोजकीर्द, खतावणी. एकोणीस वर्षांचा असताना पहिल्या मालकांनी मला जे तीन आठवडे शिकवलं, तेच. पुढं म्हणतो, वहीच्या आरंभी देवाचं नाव लिहावं, पहिल्या वह्यांवर क्रूसाची खूण करावी.

इथं मला पुस्तक अपुरं वाटलं. कच्च्या वहीचं पुढं काय करायचं, ते नीट आलेलं नाही. पक्कं लिहून झालं की कच्ची वही निकामी, असा वाचणाऱ्याचा समज होईल. तसं नसतं. भांडण होतं तेव्हा कोर्टात पक्की वही जाते, पण पेढीवर माणसं कच्च्या वहीवर बोट ठेवतात, कारण तिच्यात अक्षर कुणाचं आहे ते दिसतं. घाईत लिहिलेलं, खोडलेलं, पोरानं लिहिलेलं. आमच्या पेढीवर १९६१ पासूनच्या कच्च्या वह्या माळ्यावर आहेत.

चष्म्याच्या डबीजवळ पेन्सिल होती. पुस्तक माझं नव्हतं, पोरीचं होतं. समासात लिहिलं, 'आमच्याकडे वर श्री. कच्ची वही कधीच टाकत नाहीत, कारण पुढील पानी.' आणि पुढच्या पानाच्या समासात कारण लिहिलं, बारीक अक्षरात, तळापर्यंत.

मग लाल वही काढली. तेवीस वर्षांत तिच्यात माझ्या नावाचं खातं नव्हतं. नवं पान घेतलं, वर श्री काढला आणि पुस्तक माझ्या नावे टाकलं.